हरकत न्हाय, पण

लोकांचा कारभार लोकांच्या डोळ्यांदेखत चालावा, याहून उदात्त तत्त्व माणसाला अद्याप सुचलेलं नाही. मी ज्या स्कूल बोर्डात कारकून होतो तिथे हे तत्त्व वर्षातून एकदा, माघ संपता संपता, दुपारी तीन वाजता अमलात येत असे. साडेतीनला चहा असे.

बोर्डाचं नाव सांगायची गरज नाही. त्या काळी बोर्डं पुष्कळ होती. सगळ्यांच्या टेबलांवर हिरव्या बनातीचं तेच कापड होतं आणि त्यावर शाईचे डागसुद्धा साधारण त्याच जागी पडलेले असत.

परवा पुतण्या निपाणीहून आमच्या टिळकवाडीतल्या घरी आला. त्याने कोट खुंटीला अडकवला आणि पाच मिनिटांत खोली तंबाखूच्या वासाने भरून गेली. चंचीतल्या तंबाखूचा वास नव्हे. रानात वाळत पडलेल्या पाल्याचा, गुळासारखा गोडसर, आणि मागाहून घशाला खवखव आणणारा. शेजारी वर्तमानपत्र पडलं होतं. आतल्या पानावर, केशतेलाच्या जाहिरातीखाली, कुठल्याशा बोर्डाची नोटीस होती : पुढील सालचं अंदाजपत्रक पाहण्यासाठी ठेवलं आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. कोटाचा वास आणि ती नोटीस, दोन्ही एकदम समोर आली, आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा एक माघ महिना मला असा आठवला की चहा निवून गेला.

जुन्या ग्रंथांत ऋतू सहा सांगितले आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी बोर्डात नोकरीला नसावं, नाहीतर सातवा सुटला नसता. अंदाजपत्रकाचा ऋतू पौषाच्या अखेरीला लागतो. बाहेर आंब्याला मोहोर येतो आणि आत शिपाई डब्यात खळ शिजवायला घेतो. लांबच लांब कागद एकमेकांना चिकटवून त्यावर रकाने पाडायचे असत. कचेरीभर खळीचा वास, लाल शाईचा वास, हेडक्लार्कांच्या तपकिरीचा वास. दुपारी कोरडा वारा सुटला की कागद फडफडू लागत, आणि आम्ही चार कारकून चार कोपऱ्यांवर हात दाबून उभे राहत असू, एखाद्या झटके येणाऱ्या रोग्याला धरून ठेवावं तसे. मला तो ऋतू आवडत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हा शब्द मी सहज लिहिला, पण थोडा थांबून बघण्यासारखा आहे. 'हरकत' हा शब्द आपल्याकडे एकटा फारसा बाहेर पडत नाही. बरोबर 'नाही' असतोच. चहा घेणार का? हरकत नाही. जरा सरकून बसता? हरकत नाही. मुलगी सावळी आहे, चालेल ना? हरकत नाही, पण आमच्या आईला विचारून सांगतो. या शेवटच्या वाक्याचा अर्थ लग्न मोडलं असा आहे, हे बेळगावापासून कोल्हापूरपर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त आमच्या प्रोसीडिंग बुकाला.

आमचे अध्यक्ष बेळगावातले नामांकित वकील. त्यांना रावसाहेबकी मिळायची होती, म्हणजे अजून मिळाली नव्हती, त्यामुळे आम्ही त्यांना आधीपासूनच रावसाहेब म्हणत असू. त्या वर्षी त्यांनी कुठल्यातरी इंग्रजी साप्ताहिकात वाचलं, की परदेशांत म्हणे शाळांचं अंदाजपत्रक ठरवताना गावच्या लोकांना बोलावतात आणि त्यांचं ऐकून घेतात. रावसाहेबांना ते फार आवडलं. त्याआधीच्या वर्षांत आमच्या सभेला लोक म्हणून जे येत ते दोन कंत्राटदार, आणि चुकून आत शिरलेला एखादा गृहस्थ. "लोक येत नसतील तर सभाच लोकांच्या दारी नेऊ," रावसाहेब म्हणाले. सभा निपाणीच्या एका धर्मशाळेत ठरली. गावोगाव दवंडी द्यायची, शाळेशाळेत नोटीस लावायची, असा हुकूम निघाला. निपाणीकडच्या नोटिसा माझ्या वाट्याला आल्या.

सर्व्हिस मोटारीने संकेश्वर मागे टाकलं की माघात हवाच बदलते. दोन्ही बाजूंच्या रानांत कापलेली तंबाखू ओळीने आडवी पसरलेली, हिरवी, मग पिवळी, मग तपकिरी. दुरून वाटतं, रानावर कुणीतरी घोंगड्या वाळत घातल्यात. पाला उन्हाने कडक झाला की हात लावताच चुरा होतो, म्हणून दवाने मऊ असेतो, सकाळच्या प्रहरी, तो उलटायचा आणि गोळा करायचा. त्याला माणसं लागतात, आणि लहान बोटांची लागतात. मोटारीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला लागोपाठ सहा शिंका आल्या. ड्रायव्हरने मागे न बघता सांगितलं, "निपाणी आली."

ज्या गावाविषयी मी लिहितोय ते निपाणीपासून दीड-दोन कोसांवर आहे. नाव लिहीत नाही; गाव लहान आहे आणि आता तिथे वाचणारी माणसं पुष्कळ झालीत. का झाली, तेच सांगतोय.

तिथली मुलांची शाळा जुनी होती. तिच्या शेजारच्या खोलीत चार वर्षांपूर्वी मुलींचा वर्ग निघाला होता, आणि त्याला एक बाई होत्या. शहापूरच्या विणकरांच्या घरच्या. अंगावर घरच्याच मागावरचं लुगडं, काठ असा सरळ की त्यावरून रेघा माराव्यात. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बाब अकरावी अशी होती : सदर गावी शिक्षिकेची जागा कमी करणे. कारणही दिलं होतं. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब पंधरवड्यापूर्वी अचानक गेले तेव्हा त्यांना वर्गात चार मुली आढळल्या. चार मुलींना एक बाई, हे बोर्डाला परवडत नव्हतं. बाई गेल्या की वर्ग बंद. त्यानंतर मुलींची शाळा म्हणजे निपाणी, आणि मुलीला रोज निपाणीला कोण पाठवणार? मुली तंबाखूच्या वखारीत पाला निवडत बसणार. वखारीत बसायला वय लागत नाही.

मी गेलो तेव्हाही वर्गात चारच होत्या. पाट्यांवर बोटांचे काळे ठसे. तंबाखूचा चीक बोटांना बसला की राखेने घासूनही आठ दिवस जात नाही. मी बाईंना म्हटलं, "पटावर तर नावं बरीच दिसतात."

"आहेत ना," बाई म्हणाल्या. त्या मला दारात घेऊन आल्या. समोर सगळं रान उघडं होतं. "ती वाकलेली दिसते ना, पिवळ्या झंपरची? ती इयत्ता तिसरी. तिच्यापलीकडची दुसरी. बांधावर पोर घेऊन बसलीये तीही दुसरीच. मांडीवरचं पोर अजून शाळेत घातलेलं नाही."

एवढ्यात एक बाई लुगड्याचा कासोटा सारखा करत पायऱ्या चढून आली. डोक्याला फडकं, भुवयांवर तंबाखूची पूड. तिला सगळं गाव आक्का म्हणत असे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. वखारीत पाला निवडायच्या कामावर होती. तिची तानी त्या दिवशी हजर असलेल्या चौघींतली एक.

"बाई, तानीला न्हेते ओ. पाला भरायचाय."

"आज गणित आहे, आक्का."

"उद्या दोन दिसाचं करंल." मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या खळीच्या डब्याकडे गेलं. "ह्ये काय लावालायसा?"

मी नोटीस वाचून दाखवली. ती नीट ऐकत होती.

"मंजे बाईंस्नी काढनार?"

"बाईंना नाही. जागा कमी करणार."

"जागा हितंच ऱ्हाती की," आक्का म्हणाली. "बाई जात्यात."

हे बोर्डाच्या कोणत्याही सभासदापेक्षा स्पष्ट होतं. मी म्हणालो, हरकत असेल तर सभेला यावं, सर्वांना बोलावलंय. ती म्हणाली, बघू. माझं काम नोटीस चिकटवायचं होतं. मी ती चिकटवली.

सभेच्या दिवशी हिरवी बनात मोटारीच्या टपावर बांधून निपाणीला नेली. तिच्यावाचून लोकांच्या दारी गेल्यासारखं वाटलं नसतं. धर्मशाळेच्या ओसरीवर टेबल, टेबलामागे खुर्च्यांत सभासद, समोर अंगणात जाजमावर लोक. आणि लोक खरोखरच आले होते. पटकेवाले, टोपीवाले, एका बाजूला बायका, त्या दिवसाच्या कामावर पाणी सोडून आलेल्या. शहापूरच्या बाईही आल्या होत्या, पण बोर्डाच्या नोकराने सभेत बोलू नये असा नियम असल्याने त्या बाहेरच्या पायरीवर मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिथून सगळं ऐकू येत होतं. नियम ऐकण्याविषयी काही म्हणत नव्हता.

रावसाहेबांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात अथेन्स आलं, तिथले नागरिक चौकात जमून राज्य कसं चालवत ते आलं. मागे कुणीतरी हळूच विचारलं, "ह्ये गाव कुठल्या तालुक्यात आलं?" शेजारच्याने थोडा विचार करून सांगितलं, "चिकोडीत असंल."

मग एकेक बाब वाचली जाऊ लागली. रावसाहेब वाचत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कोणाची हरकत?" कुणी बोलत नसे. ते 'मंजूर' म्हणत, मी लिहीत असे. दहा बाबी अशाच गेल्या. खडूच्या पेट्या, विहिरीचे दोर, कुठल्याशा शाळेची भिंत. अकरावी आली तेव्हा बायकांच्या बाजूला बांगड्यांचा आवाज थांबल्याचं मला जाणवलं.

"कोणाची हरकत?"

गावचे आप्पा उठले. तंबाखूचे जुने बागायतदार, गावच्या शाळा कमिटीवरचे, पांढऱ्या मिशा, नवा पटका. गावाने बोलण्यासाठी त्यांनाच पुढे केलं होतं. त्यांनी हात जोडले.

"हरकत न्हाय, साहेब," आप्पा म्हणाले.

"मंजूर," रावसाहेब म्हणाले. मी लिहिलं : ग्रामस्थांची हरकत नाही. मंजूर.

आप्पा उभेच होते. "पन," ते म्हणाले, आणि बोलू लागले. रावसाहेबांच्या वडिलांना त्यांनी कोर्टात ऐकलं होतं, तसा माणूस होणे नाही. यंदा पाला बरा होता पण दव कमी पडलं. बोर्डाने गावावर फार उपकार केले. पोरींचा वर्ग तेवढा ऱ्हायला तर बरं हुईल, गाव नाव काढंल. पाच मिनिटं बोलून ते पुन्हा हात जोडून बसले. गावाला वाटलं काम झालं. रावसाहेबांना वाटलं आभार झाले. माझ्या पुस्तकात 'हरकत नाही' सुकत होतं. नियमाप्रमाणे हरकत नोंदायची असते. बरं होईल हे नोंदायचं नसतं.

चहा आला. चहानंतर सगळं कामकाज मोठ्याने वाचायचं आणि अध्यक्षांनी खाली सही करायची, अशी आमच्याकडे पद्धत. सही झाली की बाब संपली. मग ती उघडायला पुढचा माघ यावा लागतो, आणि तोवर बाईंची बदली दुसऱ्या टोकाच्या एखाद्या तालुक्यात झालेली असती. मी वाचत गेलो. लोक निम्मे उठले होते, धोतरं झटकत होते. रावसाहेबांनी टाक शाईत बुडवून तयार ठेवला होता.

"बाब अकरा. ग्रामस्थांची हरकत नाही. मंजूर."

"ह्ये कुनी म्हटलं?"

आक्का उभी होती. आज भुवया स्वच्छ होत्या.

"आप्पांनी," मी म्हणालो. "आप्पाच म्हणाले, हरकत नाही."

"म्हननारच की. मोठा मानूस हाय. दारात आलेल्या पावन्याला तोंडावर हरकत हाय असं कोन म्हनतंय? त्येच्या फुडं 'पन' म्हटले, त्ये लिवलासा का न्हाय?"

"नमुन्यात त्याला रकाना नाही, आक्का."

"मग पाडा की एक. पट्टी हाय न्हवं हातात."

अंगणात हशा पिकला. धोतरं झटकणारे पुन्हा बसले. आप्पा जाजमावरून म्हणाले, "मी बी त्येच सांगितलो की."

"सांगितलासा, आप्पा. पर पैलं ह्येंच्या वडलांचं कौतिक केलासा, मग दवाचं. तवर ह्येंनी लिवून वाळवलं."

रावसाहेबांनी टाक खाली ठेवला नाही, पण सहीही केली नाही. वकिली आवाजात, पुष्कळ सबुरीने, ते म्हणाले, "बाई, कायद्याने मला एवढंच विचारता येतं. हरकत आहे, की नाही? एका शब्दात सांगा."

आता ती सांगणार, असं सगळ्यांना वाटलं. आक्काने पदर सावरला.

"हरकत कशाला असंल, साहेब? पन..."

ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं आणि तिने पदराचा बोळा तोंडाला लावला. अंगणातल्या लोकांना हसू आवरेना. पण त्या हसण्यात तिची फजिती नव्हती. प्रत्येक जण आपल्याच जिभेला हसत होता. त्यांच्यातल्या कुणालाही, खुर्चीवरच्या माणसाने सरळ विचारलं असताना, त्याच्या तोंडावर 'हाय' म्हणता आलं नसतं. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सवय होती, आणि आमच्यासारख्या कचेऱ्यांनी तिचा पुष्कळ फायदा घेतला होता.

टेबलाच्या टोकाला गोकाककडचे एक वयस्क सभासद बसत. व्यापारी, कपाळाला विभूती. त्यांना मराठी चांगली समजत असे, पण ते ती खर्च करत नसत. सबंध वर्षात त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते जरा पुढे वाकले आणि आक्काला कानडीत म्हणाले, "तकरार ऐतेनव्वा?" तक्रार आहे का, बाई?

"ऐत्री," आक्का म्हणाली. आहे.

पापणी लवायच्या आत आलं ते उत्तर. पुढे मला कळलं, की तिच्या वखारीचा मुकादम कानडी होता. कानडी ती त्याच्याशी भांडायला शिकली होती. त्या भाषेत तिला शिष्टाचार कुणी शिकवलाच नव्हता.

म्हातारे सभासद मागे टेकून बसले. रावसाहेबांकडे बघत त्यांनी फक्त एक बोट माझ्या पुस्तकाकडे केलं. मी 'हरकत नाही'मधला 'नाही' खोडला. तेवढा एक शब्द गेल्यावर ती ओळ किती वेगळी दिसू लागली. दौतीत टाक बुडवायला लागलो तेव्हापासून मी हजारो शब्द लिहिले असतील, पण खोडलेल्या शब्दाचा अभिमान मला तेवढाच एकदा वाटला.

हल्ली बेळगाव कोणत्या प्रांतात जायचं, यावर दोन्ही भाषांत जोरदार सभा होतात. मी दोन्ही बाजूंच्या ऐकतो. घर जवळ आहे आणि भोंगे मोठे आहेत. त्यात कुणीतरी कोणत्यातरी भाषेची थोरवी सांगू लागलं की मला ती ओसरी आठवते. त्या दिवशी शिष्टाचार मराठीत झाला आणि हरकत कानडीत झाली. एका भाषेवर सोडलं असतं तर काम झालं नसतं.

एकदा दार उघडल्यावर आक्का मराठीतच बोलली. भाषण तिने केलं नाही. तिने फक्त दिपोटीसाहेब आले तो दिवस सांगितला.

"साहेब आल्ते तो बेस्तरवार. त्या दिशी चंद्री वड्याकडच्या रानात पाला उलटाय गेल्ती. गोदी बांधावर भावाला घिऊन बसल्ती, तिची आई बाळंतीन. मालन आन् सुंदरा, दोघी भैनी, आप्पांच्याच रानात हुत्या." आप्पांनी मान खाली घातली. "बायडीच्या बोटाला इळा लागल्ता, ती घरात. सखू, हौसा आन् पारू बोद शिवाय बापाच्या हाताखाली." पाला ठासून भरायच्या गोणपाटाच्या मोठ्या गाठीला तिकडे बोद म्हणतात. "आन् माझी तानी. साहेबांनी मोजलेल्या चारांत ती नव्हती. माझ्यासंगं वखारीत हुती. मीच न्हेल्ती. खोटं कशाला बोलू?"

तिने पदराने कपाळ पुसलं आणि पुढे बोलली.

"माघात शाळंत कोन गावंल, साहेब? मोठी मानसं गावनात घरात. वैशाखात या की. तवा पोरींस्नी काडीचं काम नसतंय. दिसभर चिंचंखाली बसून आसत्यात. तवा तुमची शाळा बंद."

"वैशाखात सुट्टी असते," रावसाहेब म्हणाले.

"कुनाची?"

तिने ते टोचून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. रावसाहेबांनी उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे बघितलं. मे महिन्याची सुट्टी कुणाची, हे आमच्यापैकी कुणालाच कधी सुचलं नव्हतं. ती असते, एवढंच ठाऊक होतं. उन्हाळ्यात वकील कोकणात जातात, कोर्टं बंद असतात, वकिलांची मुलं घरी असतात, आणि त्यामुळे निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या मुली चिंचेखाली बसतात. हे एकदा नजरेला आलं की परत झाकता येत नाही.

रावसाहेबांच्या भाषणांना मी आजवर पुष्कळ हसलो आहे, पण हे त्यांच्या पदरात घातलं पाहिजे, की उत्तर नव्हतं तेव्हा ते गप्प बसले. मी नंतर बरेच अध्यक्ष पाहिले. हे फार थोड्यांना जमतं. त्यांनी टाक दौतीत ठेवला.

"लिहा," ते मला म्हणाले.

"काय लिहू?"

"नावं लिहा."

मी लिहिली. चंद्री, गोदी, मालन, सुंदरा, बायडी, सखू, हौसा, पारू, तानी. बोर्डाच्या अंदाजपत्रकाच्या कामकाजात तोवर मुली एकगठ्ठा येत, आकड्यात. माणसाचं नाव येई ते सभासदांचं आणि कंत्राटदारांचं. त्या पानावर पहिल्यांदा तंबाखू उलटणाऱ्या नऊ मुली आपापल्या नावाने आल्या, आणि प्रत्येकीपुढे ती त्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, कुठे होती ते आलं. रकाना नव्हता. मी पट्टी घेतली आणि पाडला.

रावसाहेबांनी टाक पुन्हा उचलून 'मंजूर' स्वतः खोडलं, मोठ्याने 'जागा कायम' म्हणाले आणि सही केली. बाहेर आलो तेव्हा शहापूरच्या बाई पायरीवरून उठल्या होत्या. जागा राहिली का, असं त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना ऐकू गेलंच होतं. "नावं वाचून दाखवता?" त्या म्हणाल्या. मी वाचली. प्रत्येक नावाला त्या किंचित मान हलवत होत्या. मला वाटलं होतं त्या रडतील वगैरे. त्या म्हणाल्या, "सुंदरातला 'दं' नीट काढा. तिला स्वतःला तो चांगला येतो."

गावाकडे परतणाऱ्या गाड्या धर्मशाळेसमोर जुंपल्या जात होत्या. आप्पांनी आक्काला आपल्या गाडीत जागा दिली. गाडीत चढताना ती म्हणाली, "आप्पा, तुमच्याबरूबर यायला हरकत न्हाय..." आणि मुद्दामच थांबली. आप्पा म्हणाले, "बास कर गं आता. बस मुकाट."

लोकांना कारभारातलं काय कळतं, असं म्हणणारी शहाणी माणसं मला अजून भेटतात. स्वराज्य दारात आलंय म्हणतात, त्यामुळे ती हल्ली जास्तच भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना फक्त सांगतो, की जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचं वेळापत्रक आम्ही बी.ए. झालेल्या माणसांनी मिळून केलं होतं, आणि ते कुणासाठी केलंय हा प्रश्न एका बाईने विचारला, जिला सही येत नव्हती. ती मागायलाही आली नव्हती. जे चाललंय ते कसं दिसतं, एवढं सांगायला आली होती. ते सांगण्यासाठी तिला आपल्या मुलीला वखारीत नेल्याचं भर सभेत बोलावं लागलं, आणि ती बोलली. सार्वजनिक जीवनात मी इतका सरळपणा फारसा पाहिलेला नाही. त्यानंतर कुठल्याही सभेत 'ठराव एकमताने मंजूर' हे शब्द ऐकले, की किती 'पण' लिहायचे राहून गेले असतील याचा मी आपला अंदाज करत बसतो. लोकांना वाटतं म्हातारा पेंगतोय.

शिक्षिकेची जागा कायम राहिली. त्या गावापुरती मोठी सुट्टी माघात हलवावी आणि मे महिन्यात शाळा भरवावी, असाही ठराव झाला. वार्षिक अहवालात याचं श्रेय माननीय अध्यक्षांच्या दूरदृष्टीला दिलं गेलं; तो अहवाल मीच लिहिला होता. पुढे त्यांना खरोखरच रावसाहेबकी मिळाली, आणि आम्हाला हाक मारण्याची पद्धत बदलावी लागली नाही.

त्या पहिल्या वैशाखात काहीतरी निमित्त काढून मी गावी गेलो. रानं नांगरून मोकळी पडली होती, वारा नव्हता, कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला सरकत होती. साऱ्या जिल्ह्यात शाळांना कुलपं होती. इथे दारापर्यंत मुली बसल्या होत्या, बोटं स्वच्छ, पाट्याही स्वच्छ, आणि तानी उभी राहून मोठ्याने वाचत होती. बाईंनी मला खुणेनेच बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबलो. बाहेर उन्हात उभं राहून मी सबंध धडा ऐकला, आणि मला तो फार चांगला वाटला.

बोर्डाच्या शाळांची कौलं मे महिन्यात, शाळा बंद असताना, चाळून घ्यायची असा नियम आहे. ठरल्याप्रमाणे गवंडी आले, शाळा भरलेली बघून दोन दिवस चिंचेखाली बसले, आणि परत गेले. त्या पावसाळ्यात शाळा गळली.